गाडी दारात, क्लेम चोरीचा

आमच्या विमा कंपनीला माझ्याकडून गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा कागद हवा होता. गाडी तेव्हा माझ्या दारात उभी होती, हँडल डावीकडे अडकलेलं, आणि शेजारच्या वहिनींनी तिच्यावर उशांचे अभ्रे वाळत घातले होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरचंही नाही. गाडीचं नाव लिहिलं तर सर्व्हिस सेंटर ओळखू येईल, म्हणून तेही राहू द्या. दीडशे सीसीच्या आसपासची दुचाकी, 2022 च्या दसऱ्याला घेतलेली. क्लेमच्या सेवेला पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक शाखेतल्या टेबलावरच्या एका माणसाला.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, राहायला सिडकोत. सिडकोतल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. घरं बांधली तेव्हा दारात सायकल लागत होती. आता त्याच जागेत दोन गाड्या, पाण्याचा ड्रम आणि तुळस. गाडी रस्त्यावरच लावावी लागते, दुसरा इलाज नाही.

22 जानेवारी 2025, बुधवार. आदल्या रात्री सेकंड शिफ्ट करून बाराच्या सुमारास आलो, हँडल लॉक केलं, झोपलो. थंडी अशी की गल्लीतली कुत्रीही कुणाच्या तरी ओट्यावर गोळा होऊन पडलेली. सकाळी दुधाला निघालो तर गाडी आडवी. डावा इंडिकेटर फुटलेला, साइड पॅनेलला चीर, हेडलाइटचं मास्क ओढून काढलेलं आणि त्यातून वायरी बाहेर लोंबत होत्या. दोन ठिकाणी कापून सोललेल्याही होत्या. समोरचे काका, मूळ धुळ्याकडचे, मफलर गुंडाळून बाहेर आले. "काय व्हयनं भाऊ?" म्हणाले, आणि माझ्या आधी त्यांनीच चोरांना चार अहिराणी शिव्या घातल्या.

मला राग यायला वेळ लागला. सवयच अशी, की आधी लॉक बघत बसलो. हँडल लॉक म्हणजे काय, तर इग्निशन स्विचच्या पोटातून एक पोलादी पिन बाहेर येते आणि गाडीच्या मानेत केलेल्या खाचेत बसते. पिन कडक असते, पण ती ज्यात बसवलेली असते ती स्विचची बॉडी डायकास्ट, म्हणजे ओतीव आणि ठिसूळ. गाडीवर बसून हँडलला पाय लावायचा आणि हिसका द्यायचा, बहुतेक वेळा ही बॉडीच फुटते, पिन सुटते आणि गाडी मोकळी. माझ्या गाडीची बॉडी फुटली होती, वरची टी, म्हणजे हँडल जिच्यावर बसतं तो भाग, तिचा कानही तडकला होता. पण पिन सुटायच्या ऐवजी वाकली आणि खाचेत आडवी रुतून बसली. नंतर काढल्यावर व्हर्नियर लावला: मधोमध जवळपास तीन मिलिमीटर वाक. त्या तीन मिलिमीटरने गाडी वाचवली. हँडल सरळ होईना म्हणून त्यांना ती ढकलताही आली नसणार.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात 3 वाजून 12 मिनिटांनी दोघं दिसतात. एक टोपीवाला, एक हुडीवाला, तोंडं नाहीत. चार मिनिटं खटपट, मग कुणाच्या तरी घरात दिवा लागला आणि त्यांनी गाडी आडवी टाकून धूम ठोकली.

112 ला फोन केला, वीसेक मिनिटांत बीट मार्शल आले. गाडी उचलू नका, आधी फोटो काढा, असं त्यांनीच सांगितलं. हा सल्ला पुढे सोन्यासारखा कामी आला. ठाण्यातल्या अंमलदारांनी एक फरक नीट समजावला, तो इथे मांडतो. अज्ञात इसमाने नुकसान केलं एवढंच लिहिलं तर प्रकरण अदखलपात्र, म्हणजे एनसी. चोरीच्या इराद्याने लॉक तोडलं म्हटलं तर तो चोरीचा प्रयत्न, दखलपात्र, म्हणजे एफआयआर. व्हिडिओ पाहून त्यांनी एफआयआर घेतला. भारतीय न्याय संहितेचं चोरीचं 303 आणि प्रयत्नाचं 62. दुपारी येऊन पंचनामा केला, पंच म्हणून समोरचे काका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मला हातात मिळाली. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग मी विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि सगळं बिनसलं.

"सर, ॲक्सिडेंट है या थेफ्ट?" पलीकडच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, मॅडम, चोरी का प्रयास हुआ है, गाडी है, टूट गई है. "ओके सर, थेफ्ट." आणि तिने थेफ्ट दाबलं. तिच्या पडद्यावर दोनच बटणं असावीत असा माझा अंदाज.

थेफ्ट दाबल्यावर फाइल वेगळ्या खात्यात जाते, आणि त्या खात्याला गाडी नाहीच हे गृहीत असतं. दुसऱ्या दिवशी ईमेल आला. दोन्ही मूळ किल्ल्या जमा करा. चोरी झाल्याचं आरटीओला कळवल्याचं पत्र द्या. आणि तपास लागत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल, ज्याला आपल्याकडे 'अ' समरी म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. मी उत्तर लिहिलं की गाडी माझ्याकडेच आहे. त्यावर आलं, "कृपया गाडी परत मिळाल्याचा कोर्टाचा आदेश जोडा." बायको म्हणाली, फोटो काढून पाठवा ना वहिनींच्या अभ्र्यांसकट. पाठवलाही. त्याला उत्तर म्हणून पहिलाच ईमेल पुन्हा आला, जसाच्या तसा.

सहा दिवस हा खेळ चालला. गाडी दारातच, कारण सर्व्हेशिवाय हात लावायचा नाही. माझं जाणं-येणं शेअर रिक्षाने, रात्री साडेअकराला कंपनीतल्या मित्राच्या मागे बसून. सातव्या दिवशी पहिला हाफ टाकून शाखेत गेलो. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी एफआयआर वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही चोरी शब्दच नको होता बोलायला." (मी बेचाळीसचा आहे, पण असो.) जुना क्लेम बंद केला, नवा उघडला. प्रकार: ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. कारण: चोरीच्या प्रयत्नात नुकसान. घड्याळ लावून चार मिनिटं.

तेव्हा फोनवर पहिलं वाक्य हे बोला: "ओन डॅमेजचा क्लेम नोंदवायचा आहे, गाडी माझ्या ताब्यात आहे." कारण काय ते नंतर विचारतीलच. पॉलिसीत चोरी, घरफोडी आणि खोडसाळपणाने केलेलं नुकसान ही तिन्ही कारणं ओन डॅमेजच्या भागातच येतात, त्यामुळे हे बोलण्यात खोटं काही नाही.

हे बोलण्याआधी पॉलिसीत ओन डॅमेज आहे का तेही बघा. माझ्या सेक्शनमधल्या दोघांना वाटत होतं की नवी गाडी घेताना पाच वर्षांचा विमा निघतो म्हणजे झालं. ती पाच वर्षं थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची, सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला सक्तीची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग साधारण पहिल्या वर्षापुरताच असतो, पुढे दरवर्षी आपण भरायचा. त्यातल्या एकाने 2021 नंतर तो भरलेलाच नव्हता. त्याच्या गाडीचं असं झालं असतं तर त्याला शून्य मिळालं असतं.

नवा क्लेम नंबर मिळाल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची. हँडल वळत नाही म्हणजे ढकलत नेता येत नाही. छोटा हत्ती बोलावला, चौघांनी उचलून टाकली, 600 रुपये. दुचाकीच्या पॉलिसीत गाडी वाहून नेण्याचे 300 रुपयांपर्यंत मिळतात. ते कुणी सांगत नाही, मला बारीक अक्षरात सापडलं. पावती घ्या. छोट्या हत्तीवाल्याकडे पावतीपुस्तक नसतं, मी त्याच्याकडून साध्या कागदावर गाडी नंबर, तारीख, रक्कम आणि सही घेतली. चालली.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं एस्टिमेट 14,300 चं. त्यात हँडल, क्लच केबल आणि आख्खा स्पीडोमीटर. मी ॲडव्हायजरला म्हटलं, दादा, हँडल सरळ आहे. काढा, तुमच्या काउंटरच्या काचेवर ठेवू, दोन्ही टोकं सारखी बसतात का बघू. त्याने हँडल काढायची तसदी घेतली नाही, ओळच खोडली. "विमाच देणार आहे ना साहेब, तुमचं काय जातंय," असंही म्हणाला. माझं काय जातंय ते खाली लिहिलंय.

शेवटी एस्टिमेट उतरलं 9,040 वर. लॉकसेट 1,600, त्यात इग्निशन, टाकीचं झाकण आणि सीटचं कुलूप, कारण किल्ली एकच. वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, 2,800. वरची टी 1,400. हेडलाइट मास्क 1,200, साइड पॅनेल 600, इंडिकेटर 240. मजुरी 1,200.

50 हजारांच्या आतल्या वाहन नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागत नाही, कंपनीच्या माणसाने बघितलं तरी चालतं. तो माणूस व्हिडिओ कॉलवर आला. कुठून बोलत होता देव जाणे, मागे मुलांच्या शाळेच्या वह्या दिसत होत्या. "भैया, थोडा पास लाओ, और पास." पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क तुटत होतं, तर मी आणि पोऱ्याने गाडीचा पुढचा भाग उचलून दारापाशी आणला. सगळा सर्व्हे सात मिनिटांत उरकला. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायला हवा, माझ्या बाबतीत हा सर्व्हे बाराव्या दिवशी झाला, कारण त्यांच्या लेखी मधले दिवस मोजायचेच नव्हते.

मंजूर रक्कम आली 4,710. मी कागद-पेन घेऊन बसलो.

घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून त्याची घटलेली किंमत, कापतात हे मला माहीत होतं. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे. माझी गाडी दोन वर्षं तीन महिन्यांची, म्हणून 15 टक्के. मजुरीवर घसारा नाही. शिवाय दुचाकीला सक्तीचे 100 रुपये आपण सोसायचे. इंडिकेटर, मास्क, पॅनेल निम्म्यावर आले त्याबद्दल तक्रार नाही. घसारा न कापण्याचा जादा पैशांचा ॲड-ऑन, झिरो डेप, घेतला नव्हता, ती चूक माझी.

पण दोन गोष्टी पटल्या नाहीत. पहिली, लॉकसेट पूर्ण नामंजूर. कारण लिहिलं होतं की किल्ली-कुलपासाठी वेगळा ॲड-ऑन लागतो. तो ॲड-ऑन किल्ली हरवली तर. माझ्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, फुटली ती इग्निशन स्विचची बॉडी, आणि इग्निशन स्विच हा गाडीचा भाग आहे, हौसेने लावलेली ॲक्सेसरी नव्हे. दुसरी, वायरिंग हार्नेसवर 50 टक्के, प्लास्टिक म्हणून. आता हार्नेस हातात घेऊन बघा. वरचं वेष्टन प्लास्टिक, बरोबर. पण वजन कशाचं, किंमत कशाची? तांब्याची. मी ईमेलमध्ये लिहिलं की तांबं कधीपासून प्लास्टिक झालं ते कळवावं. हे वाक्य लिहायला मला फार बरं वाटलं होतं, उपयोग शून्य झाला.

कंपनीच्या तक्रार विभागाने "आमच्या निर्णयावर ठाम आहोत" कळवल्यावर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. फोननेही करता येते, 155255. एफआयआर, पंचनाम्यातली "इग्निशन स्विच तुटलेल्या अवस्थेत" ही ओळ पिवळी करून, आणि सकाळी गाडी उचलायच्या आधी काढलेले फोटो. आठ दिवसांत कंपनीचा फोन आला, या वेळी स्वच्छ मराठीत. लॉकसेट मंजूर, 15 टक्के कापून 1,360. टोइंगचे 300 ही मंजूर. हार्नेस मात्र 50 टक्क्यांवरच. पुढची पायरी पुण्याच्या विमा लोकपालांची, नाशिकला तेच लागतात, पण 980 रुपयांसाठी मी तांब्याची लढाई तिथेच सोडली. सोडायला नको होती असं अजून कधीकधी रात्री वाटतं.

एकूण मिळाले 6,370. गेले 9,640, छोटा हत्ती धरून. म्हणजे खिशातून 3,270. आणि हिशोब इथे संपत नाही.

क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझा 25 टक्के होता, ऑक्टोबरच्या रिन्यूअलला 35 झाला असता. लोक एवढंच धरतात, 35 टक्के गेले. पण तो परत चढायला वर्षं लागतात. न घेता पुढची पाच वर्षं 35, 45, 50, 50, 50 असती. घेतल्यामुळे 0, 20, 25, 35, 45. दरवर्षीचा फरक बेरजेला लावला तर 105 टक्के, म्हणजे ओन डॅमेजचा एका वर्षाचा पूर्ण हप्ता आणि वर थोडं. सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. माझा तो हप्ता 1,100 च्या आसपास, तेव्हा साधारण साडेअकराशे पुढच्या पाच वर्षांत हळूहळू जाणार. खिशातले 3,270 आणि हे मिळून धरा 4,400.

आता उत्तमनगरच्या बाजूला बसणारा आमचा नेहमीचा मेकॅनिक. पहिल्याच दिवशी गल्लीत येऊन तो म्हणाला होता, "भाऊ, साडेतीन हजारांत उद्या संध्याकाळी चालू करून देतो." बाजारातलं लॉकसेट, टीचा कान वेल्डिंग करून, वायरी जोडून टेप, मास्क सेकंडहँड. म्हणजे क्लेम मला त्याच्यापेक्षा नऊशे रुपयांनी महाग पडला, वर एकोणतीस दिवस गाडी नाही.

तरी मी क्लेमच घेतला असता, कारण त्या सोललेल्या वायरी. जोडलेली वायर पावसाळ्यात काय करते हे मशीनच्या पॅनेलमध्ये रोज बघतो. आणि तडकलेल्या टीला वेल्डिंग हा विचारच नको, सगळं हँडल तिच्यावर उभं असतं. पण नुसतं लॉक आणि इंडिकेटर गेलं असतं तर त्या मेकॅनिककडेच गेलो असतो, एफआयआर करून, क्लेम न करता. ज्यांची गाडी सहा-सात वर्षांची आहे त्यांना तर धातूवर 40 टक्के घसारा लागतो, त्यांनी आधी कागदावर मांडून बघावं.

सर्व्हिस सेंटरबद्दल एवढंच, की काम चांगलं झालं. हार्नेस नीट बसवलाय, टाय जिथल्या तिथे. पण गाडी ताब्यात देताना बॅटरी बसलेली होती, कारण इतके दिवस इग्निशनच्या वायरी उघड्या ठेवून कोपऱ्यात लावलेली. किक मारून घरी आलो.

जाता जाता किल्ल्यांचं. लॉकसेट बदलला की जुन्या किल्ल्या निरुपयोगी, ॲडव्हायजर म्हणाला टाकून द्या. टाकू नका. उद्या खरोखर गाडी गेली तर कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि तुमच्या हातातल्या किल्ल्या गाडीबरोबर आलेल्या नाहीत असं निघालं तर प्रश्न तुम्हालाच विचारणार. मी जुन्या दोन्ही किल्ल्या, लॉकसेटची ओळ असलेलं बिल आणि एफआयआरची प्रत एका पाकिटात घालून कपाटात ठेवलंय. वाकलेली पिनही मागून आणली. ती मात्र टूलरूमच्या माझ्या ड्रॉवरमध्ये असते. नवी पोरं आली की त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, सांगा, वाक किती?